तेच ठिपके, त्याच जागी

सोमवार, ३ फेब्रुवारी

क्षमा असावी. कोणाची मागते आहे ते नीट सांगता येत नाही; कोऱ्या पानाचीच म्हणायची. रोजनिशी लिहावी अशी माझी योग्यता नाही. ती थोरामोठ्यांनी लिहायची. आमच्यासारख्यांनी फार तर निरीक्षणांचे तक्ते भरायचे. आजवर मी निबंध लिहिले, उत्तरपत्रिका लिहिल्या, अर्ज लिहिले. तपासणारा कोणी नाही असे काही लिहिण्याची ही पहिलीच वेळ. तरी धार्ष्ट्य करते, कारण आजची गोष्ट मोठ्याने सांगायला लाज वाटते आणि न सांगता राहवत नाही.

आमचा शोधनिबंध स्वीकारला गेला! आणि लेखकांत पहिले नाव माझे!

सरांनी दुपारी खोलीत बोलावले. बस म्हणाले. एरवी ते उभ्यानेच निकाल लावतात. "अभिनंदन. पहिलं नाव तुझं जातंय," एवढे बोलून चष्मा पुसू लागले. खुर्चीवर त्यांच्या फायली होत्या. त्या उचलाव्यात की नाही हे न कळून मी उभीच राहिले.

हे ताईने घडवून आणले. ताई म्हणजे माझी सख्खी बहीण नव्हे. सरांची माझ्याहून बरीच जुनी विद्यार्थिनी, आणि भाड्याच्या या दोन खोल्यांतली माझी सोबतीण. अधिकाराने पहिले नाव तिचे. तिनेच सरांना सांगितले, प्रयोगाचे सगळे टेबल हिने मांडले, हिचे घाला.

मी आभार मानायला गेले तर म्हणाली, "अगं शब्दकोश, रडतेस काय! मी आता उडणार इथून. तुला अजून दिवस काढायचेत." शब्दकोश हे नाव तिनेच ठेवलेले. पहिल्याच आठवड्यात मी चारचौघांत 'इंटरफिअरन्स'ला 'व्यतिकरण' म्हणाले होते. सगळे हसले. ती हसली नाही, ती म्हणाली, "शब्द चांगलाय, मला दे." त्या दिवसापासून मी तिची.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

आईला फोन केला. "पहिला नंबर आला म्हण ना सरळ!" म्हणाली. मग विचारले, "पण तू तिथं करतेस तरी काय?"

आईला सांगायचे म्हणजे आधी स्वतःला समजलेले हवे. मी सांगितले. एक पातळ पत्रा, त्याला दोन बारीक फटी. पलीकडे कॅमेरा. दिवा इतका मंद की प्रकाशाचा एकेकच कण सुटावा. कण कॅमेऱ्यावर आदळतो तेव्हा एक ठिपका उमटतो; एकच, टोकदार, खडा मारल्यासारखा. पण असे हजारो ठिपके साठू दिले की त्यांचे पट्टे होतात. उजेड, अंधार, उजेड, अंधार. असे पट्टे लाटांचे पडतात, खड्यांचे पडत नाहीत. म्हणजे एकटा कणसुद्धा दोन्ही फटींचा विचार घेऊन जातो.

"तुझा मामा तसाच," आई म्हणाली. "एकटा माणूस, दोन्ही घरी जेवून यायचा."

मी म्हटले, पुढे ऐक. फटींपुढे एकेक ध्रुवक काच बसवायची, एकाच दिशेने कंपणारा प्रकाश सोडणारी. दोन्ही काचा सारख्या धरल्या तर कोण कुठून गेला ते ओळखता येत नाही, आणि पट्टे ठळक पडतात. एक काच आडवी फिरवली की प्रत्येक कणावर त्याच्या फटीची खूण बसते, आणि पट्टे नाहीसे! ती खूण कोणी वाचली नाही तरी नाहीसे.

"म्हणजे विचारण्याची नुसती सोय केली तरी लाजतो. तुझ्यावर गेलाय!"

आमचे काम या दोन टोकांच्या मधले. काच थोडी थोडी फिरवत न्यायची आणि मार्गाची खबर वाढत जाते तसे पट्टे किती फिके होतात ते मोजायचे. नियम जुना आहे. आमची मांडणी नवी आहे. जानेवारीत माझे पट्टे नियमापेक्षा फारच फिके येत होते. शेजारच्या प्रयोगशाळेचा पंप चालला की आमचे टेबल थरथरते, त्यामुळे. मग आईच्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी मला घरी जावे लागले. मी नसताना ताईने एका रविवारी पंप बंद ठेवून घेतला, सगळी मापे पुन्हा घेतली, आणि पट्टे स्वच्छ आले. मी परतायच्या आत सुधारलेला निबंधही तिनेच पाठवून दिला.

माझ्या आईच्या डोळ्यांसाठी मी गेले, आणि माझे डोळे ताई झाली. (हे वाक्य जरा भडक झाले आहे. राहू द्यावे. कोण तपासणार आहे?)

शनिवार, ८ फेब्रुवारी

आज प्रयोगशाळा सर्वांसाठी खुली होती. मला बोलायचे होते.

खरे पट्टे उमटायला फार वेळ लागतो. पाहुणे तेवढे थांबत नाहीत. म्हणून गेल्या वर्षी मी एक प्रोग्रॅम लिहिला. पडद्यावर एकेक ठिपका पडत जातो आणि बघता बघता पट्टे तयार होतात. ठिपके कुठे पडायचे ते यदृच्छेने (ताईच्या भाषेत 'रँडम') ठरते, पण त्या यदृच्छेला एक सुरुवातीचा आकडा द्यावा लागतो. शहाणी माणसे तो दर वेळी बदलू देतात. मी तो बांधून ठेवला — शालान्त परीक्षेचा माझा बैठक क्रमांक. म्हणजे दर वेळी तेच ठिपके, त्याच जागी, त्याच क्रमाने. चारचौघांत बोलताना निदान पडद्याने तरी मला दचकवू नये!

आता ते पाठ झाले आहेत. पहिला खाली डावीकडे. दुसरा जवळजवळ मधोमध. मग दोन जोडीने, नांदायला आल्यासारखे. मग बराच वेळ उजवीकडे काहीच नाही, आणि एकदम तीन, विंचवाच्या नांगीसारखे वळलेले.

एका निवृत्त गृहस्थांनी विचारले, "पुढचा ठिपका कुठे पडेल?"

"ते कोणालाही सांगता येत नाही," मी म्हणाले. "साधने अपुरी आहेत म्हणून नव्हे. पडेपर्यंत ते ठरलेलेच नसते."

"हवामान खात्यात होतात का?" म्हणाले. सगळे हसले, मीही. ताई मागून अंगठा दाखवत होती.

रविवार, ९ फेब्रुवारी

दिवसभर झोप. बोलण्याचा शीण चालण्यापेक्षा मोठा.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

मुद्रिते आली. (ताई 'प्रुफं' म्हणते.) पहिल्या लेखकाने तपासून मान्यता कळवायची — म्हणजे मी!

वाचनालयात खिडकीशी बसून पानामागून पान वाचले. एक स्वल्पविराम गळला होता, तो सापडला तेव्हा केवढे समाधान वाटले. मग चौथे पान. आकृती: ठिपक्यांतून पट्टे कसे घडतात. पहिल्या चौकटीत अगदी सुरुवातीचे थोडे ठिपके, दुसरीत पुष्कळ, तिसरीत पूर्ण पट्टे.

पहिल्या चौकटीत खाली डावीकडे एक ठिपका होता. एक मधोमध. दोन जोडीने. उजवीकडे रिकामे. आणि तीन वळलेले.

मी पान मिटले. पुन्हा उघडले.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

प्रोग्रॅम चालवला, तेवढ्याच ठिपक्यांवर थांबवला, मुद्रितातल्या आकाराएवढे चित्र छापून घेतले. दोन कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावले. मागून ऊन.

एकही ठिपका चुकला नाही. दोन कागद आहेत हेच दिसेना.

खरे कण असे कधीही करणार नाहीत. पट्टे तेच येतील, उद्या, परवा, दुसऱ्या शहरात, दुसऱ्या टेबलावर. ठिपके नाही. पुढचा ठिपका कुठे, हे निसर्ग एकदाच ठरवतो आणि पुन्हा तसे ठरवीत नाही. निबंधातले ठिपके कोणत्याही कणाने पाडलेले नाहीत. ते माझ्या बैठक क्रमांकाने पाडले आहेत.

आणि आकृतीखाली लिहिले आहे: 'प्रत्यक्ष मापन.' शेवटच्या पानावर, कोणी काय केले त्या परिच्छेदात: 'मापने — ' आणि माझे नाव.

शनिवार, १५ फेब्रुवारी

ताईला सांगितले. आणखी कोणाला सांगणार? दोन्ही कागद तिच्या हातात दिले. मला वाटते आहे ते बोलून टाकले — की सरांनी हे केले असावे. सर! 'माप काय म्हणतं ते ऐक, आपण मध्ये बोलायचं नाही,' असे सांगणारे सर!

ताईने दोन्ही कागद एकावर एक धरून पाहिले. मग म्हणाली, "अगं, घाई करू नकोस. चित्र चुकून लागलं असेल. सरांकडे आत्ता जाऊ नकोस, मी बघते काय ते." मला चहा करून दिला. माझ्या केसांवरून हात फिरवला. "तू किती घाबरतेस गं!"

तिच्या मांडीवर डोके ठेवून मी रडले. तिने रडू दिले.

सोमवार, १७ फेब्रुवारी

सरांना प्रोग्रॅम चालवता येत नाही. सर स्वतःचा छापायचा कागदसुद्धा माझ्याकडून काढून घेतात.

पुढे लिहायचे नाही.

बुधवार, १९ फेब्रुवारी

जानेवारीत, मी घरी निघायच्या आदल्या दिवशी, ताई म्हणाली होती, "तुझा तो ठिपक्यांचा प्रोग्रॅम दे ना, नव्या मुलांना दाखवते." मी दिला होता. हे मला गेल्या गुरुवारीही आठवत होते. मी त्या बाजूला पाहत नव्हते, एवढेच.

आज संध्याकाळी ती इस्त्री करत होती. मी विचारले, "नव्या मुलांना दाखवलास का प्रोग्रॅम?"

तिने इस्त्री उभी करून ठेवली. "सांगणारच होते."

"कधी?"

"तू रडत होतीस तेव्हा दोनदा तोंडाशी आलं होतं." मग भराभर बोलली. "पंप बंद झालाच नाही गं त्या रविवारी. शेजारच्यांनी ऐन वेळी नाही म्हटलं, त्यांचं यंत्र तापलं असतं. आणि माझं नेमणुकीचं पत्र येऊन पडलेलं. निबंध स्वीकारला गेला तरच नेमणूक."

"सरांना सांगायचं."

"काय म्हणाले असते? पुढच्या वर्षी बघू! पुढचं वर्ष तुझं आहे, शब्दकोश. माझं नाही. माझ्या बरोबरीच्या सगळ्या कुठल्या कुठे गेल्या. मी अजून दोन खोल्यांत इस्त्री करतेय."

मी इस्त्रीचा खटका बंद केला.

"आणि नियम खोटा आहे का? सांग ना! साऱ्या जगाने तपासलाय. पट्टे असेच पडतात. मी फक्त पंपाची थरथर पुसली."

"थरथर नव्हे. प्रयोग पुसलास."

"झालं! पुस्तक बोललं."

"ठिपके तेच का ठेवलेस?"

"मला काय ठाऊक! वाटलं, दर वेळी नवे पडत असतील. कोणीही तसंच करतं."

"मी आकडा बांधून ठेवला होता. बोलताना भीती वाटते म्हणून."

तिने मान वर केली. "म्हणजे तुझी भीती मला नडली!" आणि हसली. आणि — हे लिहायलाच हवे — मीही हसले. क्षणभरच. त्या हसण्याचा मला जेवढा राग येतो आहे तेवढा तिच्या चित्रांचा आलेला नाही.

मग शेवटचे विचारले. "पहिलं नाव माझं का घातलंस?"

ती खाली बसली. "तुला आनंद व्हावा म्हणून." आणि लगेच पुढे: "आणि कोणी खोलात शिरलं तर टेबलाविषयी तू बोलू शकतेस, मी नाही, म्हणून."

एका दमात दोन्ही.

गुरुवार, २० फेब्रुवारी

तिने मला माया लावली का? होय. तिने माझा वापर केला का? होय. मी कोणता प्रश्न घेऊन जाते त्यावर ती कोण ते ठरते, आणि दोन्ही प्रश्न एकदम विचारता येत नाहीत. केसांवरून फिरलेला हात, चहा, 'शब्द चांगलाय, मला दे' — यांतले काय कशात मोजू?

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

कालचे वाचले. छान लिहिले आहे, आणि खोटे आहे.

अनिश्चितता म्हणजे अज्ञान नव्हे, हे सरांनीच पहिल्या वर्षी शिकवले. कणाचे स्थान नेमके असेल तेव्हा त्याचा वेग नेमका नसतो; आपल्याला कळत नाही असे नव्हे, तो नसतोच. कोणीही, कुठेही, तो जाणत नाही. पण इथे? जानेवारीपासून सगळे नेमके होते. एकीला ठाऊक होते आणि एकीला नव्हते. याला निसर्गाचे नाव देऊन मी तिला सोडवू पाहते आहे. याला साध्या मराठीत फसवणूक म्हणतात. आईलाही समजावून सांगावे लागणार नाही.

सोमवार, २४ फेब्रुवारी

सरांकडे गेले. ताईचे नाव घेतले नाही. कागद पुढे ठेवले आणि प्रोग्रॅमविषयी सांगितले.

ते उठून खिडकीशी गेले. उन्हात कागद धरले. कडा जुळवून घेतल्या, ठिपके जुळेपर्यंत कागद सरकवत राहिले. मी वाट पाहत होते — आता विचारतील, हे कोणी केले?

"कोणी कोणी पाहिलंय हे?" त्यांनी विचारले.

मग खुर्चीवरच्या फायली स्वतः उचलून मला बसवले. "हे बघ बाळ. नियतकालिकाकडून मी मुदत मागून घेतो. शेजारच्या प्रमुखांशीही बोलतो. एक रविवार पंप बंद राहील. तू खरे पट्टे काढ. मग बघू."

दारापर्यंत आले. "हुशार आहेस," म्हणाले. सरांच्या तोंडून हा शब्द ऐकण्यासाठी मी किती दिवस राबले होते! आणि आज तो गप्प बसण्याची लाच म्हणून मिळाला.

रविवार, २ मार्च

पंप बंद. इमारत इतकी शांत की स्वतःचा श्वास ऐकू यावा.

मी एकटीच जाणार होते. पोहोचले तर ताई पायरीवर बसलेली, बाजूला चहाची बाटली. "फट सरळ करायला चार हात लागतात," म्हणाली. ते खरे आहे. तिच्यासारखा हलका हात आमच्याकडे कोणाचा नाही. स्क्रू असा फिरवते की जणू त्याला विचारून फिरवते आहे. तिने पत्रा बसवला, मी काचा बसवल्या. कामापुरते बोललो. "थोडं डावीकडे." "पुरे." "बस्स."

दिवा लावला. पहिला ठिपका पडला — वर, अगदी कडेला. दुसरा कुठे पडेल हे मला ठाऊक नव्हते. तिलाही नव्हते. दोघी शेजारी शेजारी बसून पाहत होतो. मनात आले की गेल्या महिन्याभरात हीच पहिली गोष्ट, जी आम्हा दोघींना सारखीच ठाऊक नाही.

दुपारपर्यंत पट्टे उमटले. खरे. किंचित ओबडधोबड, एका कडेला फिके, पण खरे. काच फिरवत नेली तसे नियमाप्रमाणे विरत गेले.

ताई रडत होती. "बघ, हेच आले असते. थोडं थांबले असते तर हेच आले असते."

मी तिला चहा ओतून दिला. का दिला, ते समजत नाही.

सोमवार, ३ मार्च

सर खुलले आहेत! "झकास! ही चित्रं घाल. 'चुकून नमुन्यादाखलची चित्रे गेली होती' असं एक वाक्य लिहून टाक. मान्यता पाठव. विषय संपला."

एकच शब्द खोटा: चुकून. बाकी सगळे खरे होईल. आकृती खरी, मापने माझी, नियम जुना आणि निर्दोष. ताईची नेमणूक राहील, सरांची प्रतिष्ठा राहील, माझे पहिले नाव राहील. एका शब्दात तीन संसार सावरतात. कोणाचे काय जाते?

शुक्रवार, ७ मार्च

आईचा फोन. नव्या डोळ्याने आता सुईत दोरा ओवता येतो म्हणाली. "छापून आलं की पान कितवं ते सांग हो. भाषा कळली नाही तरी तुझं नाव ओळखेन मी."

'छापायला वेळ आहे' म्हणाले. आवाज असा काय म्हणाली. सर्दी म्हणाले.

ताईची नेमणूक प्रमाणमापनाच्या संस्थेत आहे. इतरांची उपकरणे बरोबर आहेत की नाहीत हे तिथे ठरते. तिने शिक्का मारला की पुढे कोणी तपासत नाही. तपासायचे नसावे म्हणूनच ती संस्था असते. घाईचा एखादा रविवार तिथेही येईल. शेजारचा कुठला तरी पंप तिथेही असेल.

'चुकून' लिहिले तर त्या दिवशी तिच्या शेजारी मी उभी असेन.

सोमवार, १० मार्च

संपादकांना पत्राचा मसुदा केला. आधी मराठीत. परक्या भाषेत खोटे बोलणे सोपे जाते, शब्द आपले नसतात.

सगळे लिहिले आहे: ठिपके, प्रोग्रॅम, बांधलेला आकडा, रविवारची खरी मापे, आणि निबंध मागे घ्यावा ही विनंती. शेवटी एक वाक्य: 'ही चित्रे कोणी घातली हे मला निश्चित सांगता येत नाही.'

निबंध गेला तर माझी पदवीही लांबेल, सर तोंड फिरवतील. ते सोसेन. पण तिचे नाव माझ्या हाताने नको.

बुधवार, १२ मार्च

सरांना सांगितले की मी 'चुकून' लिहिणार नाही. ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "मापने तू केलीस असं छापलंय. बोट तुझ्याकडेच वळेल. मी काही बोलणार नाही." हे त्यांनी धमकी म्हणून सांगितले की काळजी म्हणून, विचारले नाही.

ताई पेटी भरत होती. मी दारात उभी.

"पाठवणार आहेस ना पत्र?"

"हो."

"माझं नाव नाही घेणार तू," ती पेटीत पाहूनच म्हणाली. "ओळखते मी तुला. तुझ्याच्यानं व्हायचं नाही ते." आणि माझा निळा स्वेटर घडी करून माझ्या पलंगावर ठेवला. प्रेमाने ठेवला. तीच तर पंचाईत आहे.

गुरुवार, १३ मार्च

ताई मैत्रिणीकडे राहायला गेली. घर शांत आहे. उद्या मुदत संपते. ते शेवटचे वाक्य पुन्हा पुन्हा वाचले. व्याकरण निर्दोष. शब्दयोजना नम्र. पत्रातले तेवढेच एक वाक्य, जे लिहिताना माझी मान खाली गेली.

शुक्रवार, १४ मार्च

ते वाक्य काढले. त्या जागी ताईचे नाव लिहिले. पूर्ण, आडनावासकट. इतकी वर्षे नुसते ताई म्हटले. आडनाव उमटले तेव्हा वाटले, या बाईंना मी कधी भेटलेच नाही.

तेवढ्यात दार वाजले. "शब्दकोश, उघड ना गं. आधी मला बोलू दे. तू काही करायच्या आत मला एक सांगू दे." रात्रभर रडलेला आवाज. काय सांगायला आली असेल? विनवणी असेल. किंवा स्वतःच सगळे कबूल करायला निघाली असेल आणि माझ्या पत्राची गरजच उरली नसती. दार उघडले असते तर कळले असते. आणि मग माझ्याच्याने झाले नसते.

आधी पाठवले. मग कडी काढली.

पत्र गेल्याची नोंद: शुक्रवार, १४ मार्च, सकाळी नऊ वाजून सतरा मिनिटे.